दोन अपस्ट्रीम, एक लॅपटॉप: बीजीपी मोडून बघायची लॅब

२४ जून २०१९. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला डीक्यूई हा लहानसा इंटरनेट पुरवठादार आपल्या नेटवर्कमध्ये बीजीपी ऑप्टिमायझर चालवत होता. बीजीपी म्हणजे कुठल्या पत्त्यांकडे कुठून जायचं हे नेटवर्क एकमेकांना सांगतात ती पद्धत. असा ऑप्टिमायझर मोठे प्रीफिक्स, म्हणजे पत्त्यांचे गट, तोडून त्यांचे लहान तुकडे करतं, म्हणजे वाहतूक हवी त्या लिंकवर वळवता येते. क्लाउडफ्लेअरचा १०४.२०.०.०/२० हा प्रीफिक्स असाच दोन /२१ मध्ये तुटला होता (रेघेनंतरचा आकडा मोठा तितका तुकडा लहान). हे तुकडे घराबाहेर पडायचे नसतात. पण ते डीक्यूईच्या एका ग्राहकाकडे, एका धातू कंपनीकडे गेले. त्या कंपनीची दुसरी लिंक व्हेरायझन या बड्या दूरसंचार कंपनीकडे होती आणि तिच्या राउटरने इकडून ऐकलेलं तिकडे सांगून टाकलं. व्हेरायझनने गाळणी न लावता ते घेतलं आणि जगभर वाटलं. लहान तुकडा मोठ्यापेक्षा नेहमी वरचढ, त्यामुळे हजारो प्रीफिक्सची वाट या एका ग्राहकाच्या लिंकमधून जाऊ लागली. प्रकरण सुमारे दोन तास चाललं. सर्वांत वाईट घटकेला क्लाउडफ्लेअरची जवळपास १५ टक्के जागतिक वाहतूक गायब होती.

नेटवर्क इंजिनिअरने सध्या काय शिकावं, असं विचारलं की उत्तरात एआय फॅब्रिक, एसडी-वॅन, झीरो ट्रस्ट अशी नावं येतात. नावं खोटी नाहीत. पण मोठ्या बिघाडांचे जाहीर अहवाल काढून वाचा. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, कारण देखभालीच्या एका आज्ञेने कणा तुटला आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग स्वतःच मागे घेतले. ८ जुलै २०२२ला कॅनडात रॉजर्स ही दूरसंचार कंपनी बसली, कारण एक राउटिंग फिल्टर काढला गेला आणि मुख्य राउटरांवर मार्गांचा पूर आला. दोन्हीकडे दुखणं जुनंच होतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने बीजीपीला द्या, असं माझं मत आहे. आणि हे सगळं ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, एक रुपया खर्च न करता उभं करता येतं.

(खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये टंकायच्या, हे सांगायला नको.)

सामान

जुने सिस्को राउटर सेकंडहँड घेण्याची गरज आता उरलेली नाही. वीज खातात, आवाज करतात आणि त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर शिळं असतं. त्याऐवजी लिनक्स, डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) आणि कंटेनरलॅब (अशा डब्यांतल्या राउटरांची लॅब उभी करणारं साधन) एवढं पुरतं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) मध्ये उबुंटू टाका. राउटर म्हणून एफआरआर घ्या. हा मुक्त स्रोत राउटिंग संच असून त्याचा एक कंटेनर काही डझन एमबीत चालतो, त्यामुळे दहा राउटर उभे केले तरी लॅपटॉप कुरकुरत नाही. नोकियाचा एसआर लिनक्स परवान्याशिवाय उतरवता येतो, पण त्याला दर नोडमागे एक-दोन जीबी लागतात. अरिस्टाचा सीईओएस मोफत नोंदणी केल्यावर मिळतो. सिस्कोचंच हवं असेल तर सीएमएल या लॅब सॉफ्टवेअरची पाच नोडची मोफत आवृत्ती आहे. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर सीसीएनए या तिच्या पायाभूत परीक्षेच्या सुरुवातीला ठीक. ते खरं राउटर सॉफ्टवेअर चालवत नाही, नुसती नक्कल करतं, म्हणून बीजीपीच्या बारकाव्यांसाठी त्याच्यावर विसंबू नका.

कंटेनरलॅबमध्ये एका यामल फाइलमध्ये नोड आणि लिंक लिहायच्या आणि 'कंटेनरलॅब डिप्लॉय' म्हणायचं. इथे पहिल्याच दिवशी तीन खड्डे लागतात.

पहिला: एफआरआरच्या 'डेमन्स' नावाच्या फाइलमध्ये बीजीपी मुळात बंद असतं. 'बीजीपीडी' पुढचं 'नो' खोडून 'येस' केलं नाही तर राउटर सुरू होतो, प्रॉम्प्टही देतो, पण बीजीपीची एकही आज्ञा चालत नाही. दुसरा: कॉन्फिग फाइल बाहेरून कंटेनरमध्ये जोडलेली नसेल तर लॅब मोडून पुन्हा उभी केल्यावर सगळं कोरं. तिसरा सर्वांत फसवा. प्रत्येक नोडचा 'ईथ०' हा इंटरफेस व्यवस्थापनासाठी राखलेला असतो आणि डीफॉल्ट मार्ग तिथूनच जातो. तुमच्या लिंक 'ईथ१' पासून सुरू होतात. त्यामुळे पिंग यशस्वी झाला म्हणजे तुमचं राउटिंग चालतंय असं नाही, पॅकेट मागच्या दाराने गेलेलं असू शकतं. दर वेळी 'आयपी रूट गेट' आणि पुढे पत्ता देऊन वाट कुठली ते बघा, किंवा पिंगला स्रोत पत्ता द्या.

चार राउटरांचं नाट्य

मधोमध 'आपण', एएस (स्वतःचा क्रमांक असलेलं स्वतंत्र नेटवर्क) ६४५१२. डावीकडे अपस्ट्रीम (आपल्याला इंटरनेट पुरवणारा) अ, ६४५१३. उजवीकडे अपस्ट्रीम ब, ६४५१४. चौथा राउटर, ६४५१५, हा फक्त अ ला जोडलेला आणि १९८.५१.१००.०/२४ जाहीर करणारा. आपला प्रीफिक्स १९२.०.२.०/२४. हे पत्ते कागदोपत्री उदाहरणांसाठी राखीव आहेत, आणि ६४५१२ ते ६५५३४ हे खासगी एएस क्रमांक. अ आणि ब यांच्यात थेट लिंक मुद्दाम ठेवायची नाही.

शेजारी लिहिले, पत्ते बरोबर, तरी 'शो बीजीपी समरी'त अवस्था 'ॲक्टिव्ह' दिसते. नवखा माणूस इथे खूश होतो. ॲक्टिव्ह म्हणजे सुरू नव्हे, अजून प्रयत्नच चालू आहेत. टीसीपी १७९, म्हणजे बीजीपीचं पोर्ट, समोर पोहोचत नाही: पत्ता चुकलाय, इंटरफेस खाली आहे, मध्ये फायरवॉल आहे, किंवा लूपबॅकवरून (राउटरच्या आतल्या आभासी पत्त्यावरून) ईबीजीपी, म्हणजे दोन वेगळ्या एएसमधलं बीजीपी, लावलंय आणि टीटीएल (पॅकेटने किती टप्पे जायचे तो आकडा) १ असल्याने पॅकेट वाटेत मरतंय. पत्ता बरोबर आणि एएस क्रमांक चुकला तर लक्षण वेगळं. टीसीपी जुळतं, ओपन संदेश जातो आणि लगेच 'बॅड पीअर एएस' असं नोटिफिकेशन येऊन सेशन तुटतं. लॉगमध्ये तो कोड २, उपकोड २ म्हणून दिसतो. दोन्ही चुका एकदा मुद्दाम करून टीसीपीडंपने पॅकेट पकडा आणि वायरशार्कमध्ये उघडा. चार संदेश प्रकार डोळ्यांनी पाहिले की पाठ्यपुस्तकातलं अर्धं प्रकरण पाठ करावं लागत नाही.

सेशन जुळलं. मग मिळालेल्या प्रीफिक्सच्या जागी आकडा न येता कंसात 'पॉलिसी' असा शब्द येतो आणि एकही मार्ग येत नाही. हा बिघाड नाही. आरएफसी ८२१२ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) २०१७मध्ये नियम केला की बाहेरच्या शेजाऱ्याशी काय घ्यायचं आणि काय द्यायचं हे स्पष्ट लिहिल्याशिवाय काहीच देवघेव करू नये. एफआरआर हा नियम मुळातच पाळतं. इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी एका ओळीचा उपाय मिळेल: 'नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी'.

ती ओळ टाका. लॅबमध्येच, पण नक्की टाका.

आता ब वर जाऊन 'शो आयपी बीजीपी' बघा. १९८.५१.१००.०/२४ दिसतो आणि एएस पाथ आहे ६४५१२ ६४५१३ ६४५१५. म्हणजे ब ची चौथ्या राउटरकडे जाणारी सगळी वाहतूक आपल्या कार्यालयाच्या लिंकवरून चालली आहे. दोन पुरवठादारांच्या मध्ये आपण फुकटचे हमाल झालो. २४ जूनला त्या धातू कंपनीचं हेच झालं होतं. कोणी हल्ला केला नव्हता, फक्त 'हे पुढे सांगू नकोस' असं राउटरला कोणी सांगितलं नव्हतं.

आता ती ओळ काढा आणि नीट दुरुस्ती करा. बाहेर पाठवताना प्रीफिक्स लिस्ट: फक्त १९२.०.२.०/२४, बाकी सगळं नकार. नुसत्या एएस पाथच्या गाळणीवर, म्हणजे 'माझ्यापासून निघालेलेच मार्ग' अशा रिकाम्या पाथच्या नियमावर, थांबू नका. चुकून आत रीडिस्ट्रिब्यूट झालेलं, म्हणजे दुसरीकडून बीजीपीत ओतलेलं, काहीही त्यातून निसटतं. आत घेताना आपलाच प्रीफिक्स, खासगी पत्ते आणि /२४ पेक्षा लहान तुकडे नाकारा. वर 'मॅक्सिमम प्रीफिक्स' (शेजाऱ्याकडून किती मार्ग घ्यायचे ती मर्यादा) लावा. अपस्ट्रीमकडून पूर्ण टेबल घेत असाल तर आयपीव्ही४चे मार्ग आता दहा लाखांच्या आसपास आहेत. मर्यादा त्याला चिकटून ठेवली तर टेबलाच्या साध्या वाढीनेच एक दिवस सेशन पडेल. १२ ऑगस्ट २०१४ला टेबलाने ५,१२,००० ओलांडले तेव्हा जुन्या राउटरांची स्मृती भरून जगभर गोंधळ झाला होता, तो याच जातीचा.

एक किरकोळ पण हमखास अडवणारी गोष्ट. 'नेटवर्क' ओळ लिहूनही आपला प्रीफिक्स बाहेर जात नसेल, तर नेमका त्याच मास्कचा, म्हणजे /२४ चा, मार्ग राउटिंग टेबलमध्ये आहे का ते बघा. नसेल तर तो प्रीफिक्स ब्लॅकहोलकडे (पॅकेट टाकून देणाऱ्या जागेकडे) दाखवणारा एक स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, मार्ग टाका. आत खरे लहान सबनेट असतील तर वाहतूक त्यांच्याकडेच जाते, ब्लॅकहोल फक्त नांगर म्हणून राहतो.

गाळण्या जमल्या की याच चार राउटरांवर 'बीजीपी रोल' ही सोय लावून बघा: आपण शेजाऱ्याचे ग्राहक की पुरवठादार, हे राउटरला सांगायचं. आरएफसी ९२३४, मे २०२२. शेजाऱ्यापुढे 'लोकल-रोल कस्टमर' किंवा 'प्रोव्हायडर' लिहिलं की मार्गाला एक खूण चिकटते आणि गाळणी विसरली तरी लीक अडतो. 'स्ट्रिक्ट-मोड' दोन्ही बाजूंनी ठरवूनच लावा. समोरच्याने रोल लिहिला नसेल तर सेशनच उभं राहत नाही.

आरपीकेआय, आणि सगळं 'नॉटफाउंड' का येतं

मार्ग कुणाच्या मालकीचा, हे सहीने तपासायची पद्धत म्हणजे आरपीकेआय आणि तशी सही असलेली नोंद म्हणजे आरओए. भारतात पत्ते आयआरआयएनएनकडून (भारताची पत्ते नोंदणी) किंवा थेट एपीनिककडून (आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था) घेतलेले असतात आणि आरओए तिथल्याच खात्यातून बनवायची असते. २०२४मध्ये जागतिक आयपीव्ही४ टेबलमधल्या निम्म्याहून जास्त मार्गांना आरओएचं छत्र मिळालं. त्यामुळे 'हे पुढे कधीतरी' म्हणण्याचे दिवस गेले. मुलाखतीत हा प्रश्न येतो असं समजूनच तयारी करा.

लॅबसाठी रूटिनेटर हा व्हॅलिडेटर (आरओए तपासणारा प्रोग्राम) डॉकरमध्ये चालवा. पहिल्यांदा तो पाचही प्रादेशिक नोंदणी संस्थांच्या सगळ्या नोंदी उतरवतो, तेव्हा थोडा धीर धरा. माहिती पूर्ण होण्याआधी राउटर जोडून 'चालत नाही' म्हणण्यात अर्थ नाही. राउटरशी तो सहसा ३३२३ पोर्टवर बोलतो. एफआरआरमध्ये बीजीपीला 'आरपीकेआय' मॉड्यूल वेगळं द्यावं लागतं, त्याच डेमन्स फाइलमध्ये बीजीपीडीच्या पर्यायांत. ते नसेल तर आज्ञाच ओळखली जात नाही.

सगळं जोडल्यावर लॅबमधला प्रत्येक मार्ग 'नॉटफाउंड' (अशी नोंदच नाही) दाखवेल आणि तुम्ही तासभर कॉन्फिग तपासत बसाल. कॉन्फिग बरोबर आहे. उदाहरणाच्या पत्त्यांना जगात कोणी आरओए बनवलेली नाही, एवढंच. रूटिनेटरला स्लर्म नावाची जेसन फाइल देता येते, तीत आपली खोटी नोंद टाका: १९२.०.२.०/२४, एएस ६४५१२, कमाल लांबी (किती लहान तुकडा चालेल ती मर्यादा) २४. मग अपस्ट्रीम ब वरून तोच प्रीफिक्स चोरून जाहीर करा आणि अपस्ट्रीम अ वर तो 'इनव्हॅलिड' होताना बघा. त्यासाठी अ-ब लिंक आता जोडावी लागेल.

धोरण लिहिताना फक्त इनव्हॅलिड फेका. नॉटफाउंडही फेकलंत तर जगाचा मोठा हिस्सा आपल्यासाठी बंद. आणि कमाल लांबी सैल सोडू नका. /२२ ची आरओए कमाल लांबी २४ ठेवून बनवली, पण प्रत्यक्षात फक्त /२२ जाहीर केला, तर चोराला पाथच्या शेवटी तुमचा एएस क्रमांक लावून /२४ जाहीर करता येतो आणि तो 'व्हॅलिड' ठरतो. उलट चूकही होते: कमाल लांबी २२ ठेवायची आणि डीडॉस (खोट्या वाहतुकीचा भडिमार) आल्यावर घाईत /२४ जाहीर करायचा, तो आपलाच मार्ग जग फेकून देतं. २०१९च्या त्या प्रकरणात क्लाउडफ्लेअरच्या आरओएत कमाल लांबी २० होती. व्हेरायझन तपासणी करत असता तर ते /२१ दारातच अडले असते. मूळ मालक बरोबर आणि लांबीही बरोबर असलेला लीक मात्र आरपीकेआय पकडत नाही. त्यासाठी आस्पा नावाची पद्धत आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेत आकार घेते आहे, तिच्यावर लक्ष ठेवा.

एमटीयूचा एक दिवस

एमटीयू म्हणजे लिंकवरून एकसंध जाऊ शकणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी. याला एक पूर्ण दिवस द्या. ओएसपीएफ (एकाच नेटवर्कच्या आतली राउटिंग पद्धत) 'एक्सस्टार्ट' या अवस्थेत अडकलं की दहातले आठ वेळा दोन टोकांचा एमटीयू जुळत नसतो. बीजीपीत हेच लक्षण आणखी चोरटं आहे. सेशन जुळतं, कारण ओपन आणि कीपअलाइव्ह लहान असतात. मग मोठे अपडेट निघतात, वाटेत गिळले जातात, आणि १८० सेकंदांनी 'होल्ड टायमर एक्स्पायर्ड'. पुन्हा जुळतं, पुन्हा पडतं. मोजायला लिनक्सवर पिंगला 'तुकडे करू नको' सांगून १४७२ बाइट पाठवा. २८ बाइटची शीर्षकं मिळून १५०० होतात. पीपीपीओईवर (ब्रॉडबँडची एक जोडणी पद्धत) एमटीयू १४९२, म्हणून तिथे १४६४. वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) मुळात १४२० धरतो. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कवर दुसरं आभासी नेटवर्क) ५० बाइट वर चढवतं, म्हणूनच डेटा सेंटरच्या आतल्या लिंकवर ९००० च्या घरातला एमटीयू ठेवतात.

त्याच दिवशी बीएफडीही (लिंक तुटल्याचं झटपट ओळखायची पद्धत) उरकून घ्या. मध्ये स्विच असेल तर पलीकडची लिंक तुटल्याचं राउटरला कळत नाही आणि तीन मिनिटं वाहतूक खड्ड्यात जाते. एफआरआरचं बीएफडी मुळात ३०० मिलिसेकंद गुणिले तीन, म्हणजे सेकंदाच्या आत ओळखतं.

एआयच्या नावाने

जीपीयूच्या जाळ्यातला प्रश्न खरा आणि वेगळा आहे. तिथे प्रवाह थोडे आणि प्रचंड असतात, हॅशने, म्हणजे लिंक निवडायच्या हिशोबाने, असे दोन हत्ती एकाच लिंकवर आले की बाकीच्या लिंक रिकाम्या आणि पूर्ण गणना खोळंबलेली. आरओसीई आवृत्ती २ (दुसऱ्या यंत्राची स्मृती इथरनेटवरून थेट वापरणं), तिचं पोर्ट यूडीपी ४७९१, पीएफसी (पाठवणाऱ्याला थांबवणं) आणि ईसीएन (गर्दीची खूण लावणं) हे शब्द समजून घ्या. अल्ट्रा इथरनेटचं १.० विनिर्देश जून २०२५मध्ये आलं, तेही चाळा. पण हे लॅपटॉपवर करता येत नाही, बफर आणि विराम देणं हे चिपचं काम. कोणी आठवड्यात एआय नेटवर्किंग शिकवतो म्हणत असेल तर स्लाइडच बघाव्या लागतील. त्याखालचं ईव्हीपीएन-व्हीएक्सलॅन (बीजीपीने चालवलेलं आभासी नेटवर्क) मात्र १६ जीबीच्या लॅपटॉपवर एसआर लिनक्सचे चार लीफ-स्पाइन (दोन थरांत जोडलेले स्विच) उभे करून खरोखर जमतं, आणि ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत रोजचं काम त्याचंच आहे. बीजीपी आधी झालं असेल तर ईव्हीपीएन म्हणजे आणखी एक ॲड्रेस फॅमिली (बीजीपीने वाहायचा पत्त्यांचा प्रकार).

आयपीव्ही६ वेगळा विषय म्हणून ठेवू नका. भारतातले बहुसंख्य मोबाइल ग्राहक आजच त्यावर आहेत. वरची चार राउटरांची लॅब २००१:डीबी८::/३२ मधले पत्ते घेऊन पुन्हा उभी करा, तास-दीड तास पुरतो. आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कच्या सूचनांचे संदेश) सरसकट अडवून बघा: शेजारी सापडत नाही आणि 'पॅकेट टू बिग' न पोहोचल्याने काही संकेतस्थळं अर्धवट उघडतात.

ऑटोमेशनची सुरुवात आज्ञा ढकलण्याने करू नका, वाचण्याने करा. एफआरआरच्या शो आज्ञांपुढे 'जेसन' जोडलं की पायथॉनला सरळ वाचता येतं; इतर उपकरणांसाठी नेटमिको ही पायथॉन लायब्ररी. बदलाआधी आणि नंतर प्रत्येक शेजाऱ्याकडून किती मार्ग आले-गेले, यांची तुलना करणारी चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहा. वर केलेला लीक तिने पकडला पाहिजे. मग नेटबॉक्स (नेटवर्कची नोंदवही), मग अँसिबल (आज्ञा ढकलणारं साधन).

वाचायला आणि सरावाला

एपीनिक अकॅडमी आणि राइप एनसीसी (युरोपकडची पत्ते नोंदणी संस्था) अकॅडमी, दोन्ही मोफत. आरपीकेआय आणि आयपीव्ही६ तिथूनच शिका. ओरेगॉन विद्यापीठातल्या एनएसआरसीचं कार्यशाळांचं साहित्य आणि फिलिप स्मिथ यांच्या बीजीपीवरच्या स्लाइड म्हणजे लहान पुरवठादारासाठी तयार पाककृती. टेबल का आणि कसं वाढतं यावर जेफ ह्यूस्टन यांचे लेख वाचा. नेटवर्क चालवणाऱ्यांचे गट म्हणजे आपल्याकडे इन्नॉग आणि दक्षिण आशियासाठी सॅनॉग; त्यांच्या परिषदेसोबतच्या कार्यशाळांना जागा मर्यादित असतात, अर्ज लवकर करा.

सीसीएनए हवं तर २००-३०१ या परीक्षेच्या अभ्यासक्रमात सर्वांत जड भाग आयपी कनेक्टिव्हिटीचा, २५ टक्के. ऑटोमेशन १० टक्के. परीक्षा ३०० डॉलर अधिक कर, मुदत तीन वर्षं. बीजीपी त्यात जवळजवळ नाहीच, ते लक्षात ठेवून वेळ वाटा. ज्युनिपरची जेएनसीआयए-जुनोस तयारी मोफत होते, दुसरं प्रमाणपत्र म्हणून ती बरी.

लॅबमधले शेजारी आपलंच ऐकतात. खऱ्या अनोळखी माणसांशी पीअरिंग करायचं तर डीएन४२ आहे: हौशी लोकांचं खासगी पत्त्यांवरचं जाळं, वायरगार्डच्या बोगद्यांवर. त्याचा पत्ता पट्टा १७२.२०.०.०/१४ आणि कंटेनरलॅबचं व्यवस्थापन जाळं १७२.२०.२०.०/२४. दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतील तर आधी यामल फाइलमध्ये व्यवस्थापनाचा पट्टा बदला, नाहीतर काही शेजारी अकारण गायब होतील. जगाच्या टेबलमध्ये कुठला मार्ग कसा दिसतो ते राइपस्टॅट या संकेतस्थळावर बघा. घरी ब्रॉडबँड चोवीस तास चालू असेल तर राइप ॲटलस या जगभरच्या मोजणी जाळ्याचा प्रोब (मोजणी यंत्र) मागवा किंवा त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती जुन्या रास्पबेरी पायवर टाका. तो चालू राहील तशी श्रेयं साठतात, आणि ती खर्चून जगभरातल्या इतरांच्या प्रोबवरून आपल्या पत्त्याकडे ट्रेसरूट मागवता येतो.